रक्तक्षयावर उपाय: पोषणयुक्त तांदूळ की लोहसमृद्ध बाजरी?

रक्तक्षयामागची लोहाची कमतरता अन्नातूनच भरून काढण्याचे दोन मार्ग आज आपल्यासमोर आहेत. पहिला गिरणीतला आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने दाणे घडवतात आणि असा एक दाणा साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांत मिसळून हा पोषणयुक्त तांदूळ रेशन दुकान, अंगणवाडी व शाळेपर्यंत पोहोचवतात. १५ ऑगस्ट २०२१ रोजी घोषणा झाल्यावर अवघ्या तीन वर्षांत ही योजना देशभर पोहोचली. हा वेग दुसऱ्या मार्गाला साधणारा नाही. मात्र हे वेगळे दिसणारे दाणे प्लॅस्टिकचे समजून निवडून टाकणारी घरे आहेत, आणि पुरवठा थांबला की पोषणही थांबते.

दुसरा मार्ग शेतातला आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी विकसित केलेल्या ‘धनशक्ती’ बाजरीच्या एका किलोत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. हे संकरित नव्हे, सुधारित वाण असल्याने शेतकरी घरचे बियाणे राखू शकतो आणि भाकरीची चवही ओळखीचीच राहते. अडचणी आहेतच: बाजरीतील फायटेट हा नैसर्गिक घटक लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, पीठ लवकर कडवट होते आणि वाढीव लोहासाठी बाजारात वेगळा भाव क्वचितच मिळतो. तरीही अहिल्यानगर, नाशिक, बीडसारख्या बाजरीच्या पट्ट्यात मला दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. भातखाऊ कोकणात किंवा शहरी वस्त्यांत मात्र आजघडीला तांदळाला पर्याय नाही.