सीएनसीवर कोबोट, सहा महिने वापरल्यावर

भोसरीत आपलं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे, तिथे सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लोड-अनलोड करायला यूआर५ई कोबोट घेतला, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा यांत्रिक हात. ५ किलो उचलतो, पोच ८५० मिमी, पण ग्रिपरचं, म्हणजे जॉब पकडणाऱ्या पंजाचं, वजन त्या ५ किलोतच धरायचं बरं का, आमचा ग्रिपर दीड किलोचा म्हणजे जॉबला राहिले साडेतीनच. शिकवायला एकदम सोपा, हात धरून जागेवर न्यायचा आणि पेंडंटवर (हातातल्या कंट्रोल स्क्रीनवर) पॉइंट सेव्ह करायचा, ऑपरेटरने दोन दिवसांत जमवलं. मनस्ताप दिला तो बसवून देणाऱ्यांनी, कूलंटने (कटिंगच्या वेळी थंड ठेवणाऱ्या द्रवाने) ओला जॉब ग्रिपरच्या जबड्यातून निसटायचा आणि तीन आठवडे कोणी फिरकलंच नाही, शेवटी आम्हीच जबड्यांना खाचा पाडल्या. चकमधली (लेथवर जॉब धरणाऱ्या भागातली) बुरी, म्हणजे धातूचा कीस, उडवायला एअर ब्लो, म्हणजे हवेचा झोत, आधीच मागून घ्या. माणूस एकही कमी केला नाही, रात्रपाळीचा पोरगा आता मायक्रोमीटर घेऊन मापं तपासतो.