आजीच्या पलंगावर दीडशे किलो: फिश टँकचा घरगुती स्टँड, नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी वडगावच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर आजीचा सागवानी पलंग सापडला. सुटा करून ठेवलेला, चार खूर नि गाते, म्हणजे बाजूचे आडवे दांडे. भंगारवाला आठशे देतो म्हणाला. त्याच आठवड्यात मी तीन फुटी टँक घेतला होता आणि दुकानातले तयार स्टँडही बघून आलो होतो. वरून झकास सनमायका, आत भुशाचा बोर्ड. हा बोर्ड पाणी लागलं की कसा फुगतो, ते ऑफिसातल्या टेबलांवर पाहिलंय. पलंग भंगारात गेला नाही.

टँक 36 बाय 12 बाय 18 इंच, म्हणजे सव्वाशे लिटरच्या जरा वर. वरचे दोन इंच रिकामे सोडले तरी नुसतं पाणीच एकशे दहा किलो. काच, खडे, दगड धरले की आकडा दीडशेवर जातो. या पलंगावर आजी-आजोबा दोघं झोपायचे हे खरं, पण माणूस सकाळी उठतो, टँक उठत नाही.

खरी चूक पहिल्याच दिवशी झाली. आमचे बडिगेर, म्हणजे सुतार, कामाला चोख, पण त्यांनी वरची चौकट खुरांच्या मधे धरून स्क्रूनं आवळली. दिसायला सुबक. "गट्टी ऐत्री (घट्ट आहे हो), काय होत नाही," म्हणाले. मीही मान डोलावली. रात्री टँक अर्धा भरला आणि 'कट्' असा आवाज आला. टॉर्च मारून बघितलं तर समोरच्या कोपऱ्यात चौकट सूतभर खाली आलेली. सगळा भार त्या चार-सहा स्क्रूंवर लोंबकळत होता की! बायको आणि मी रात्री साडेअकराला बादल्यांनी पाणी उपसत बसलो.

दुसऱ्या दिवशी खुरांची डोकी कापून चौकट थेट त्यांच्यावर टेकवली. आता वजन प्लायवरून चौकटीत, चौकटीतून खुरांत आणि खुरांतून फरशीत उतरतं. स्क्रूंचं काम फक्त चौकट हलू न देण्याचं. जुनं फर्निचर वापरणार असाल तर एवढं एक बघा, लाकूड लाकडावर बसलंय का. मागच्या बाजूला अख्खा प्लाय मारून घेतला, त्यानं आडवं डुलणं थांबलं. टँक बारा इंच रुंद असला तरी खुरांमधलं अंतर सोळा ठेवलं, घरात पोरं आहेत म्हणून. मजुरी, प्लाय, पॉलिश मिळून साडेचार हजारांच्या आत भागलं.

आमची शहाबादी फरशी सरळ नाही. पाणसळ ठेवली तर बुडबुडा डावीकडे पळायचा. दोन खुरांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या आणि काचेखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल, म्हणजे प्लायचा बारीक उंचसखलपणा काचेला टोचत नाही.

थंडीत, उन्हाळ्यात तक्रार नाही. पावसाळ्यात मात्र दोन गोष्टी झाल्या. जूनपासून बेळगावात कपडे वाळत नाहीत, तर लाकूड कुठलं! खालच्या कपाटाचं दार फुगून अडकलं, रंधा मारावा लागला. दुसरी गोष्ट माझ्याच हलगर्जीची. हवेचा पंप मी कपाटात, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली ठेवला होता. एका रात्री करंट गेला आणि टँकमधलं पाणी नळीतून उलटं खाली आलं. सकाळी कपाटात दोन बोटं पाणी. भुशाचा बोर्ड असता तर तिथेच लापशी झाली असती. सागवानाला काही झालं नाही, पण फ्रेंच पॉलिश पांढरं पडलं, फडक्यानं पुसून गेलं नाही. पॉलिशऐवजी आधीच पीयूचा, म्हणजे पाण्याला दाद न देणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचा, हात द्यायला हवा होता. आता नळीला उलटं पाणी न येऊ देणारा वीस-तीस रुपयांचा व्हॉल्व्ह लावलाय आणि पंपही वर टांगलाय. एक्स्टेन्शन बोर्ड तर त्याच सकाळी भिंतीवर चढवला.

एक उणीव राहिली ती उंचीची. अठ्ठावीस इंच खुर्चीत बसून बघायला छान, पण उभ्यानं पाणी बदलताना कंबर बोलते. खूर आणखी दोन इंच लांब ठेवायला हरकत नव्हती, कापलेले तुकडे अजून माळ्यावर पडलेत.

परवा नागपंचमीला पाणसळ पुन्हा ठेवली, बुडबुडा मधेच आहे. पीयूचं काम गणपती झाल्यावर, तोवर पांढऱ्या डागांवर टॉवेल.