ग्रेट ओशन रोड एका दिवसात: टूरची बस, मिनीबस की भाड्याची गाडी?

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून सकाळी निघून, ग्रेट ओशन रोड या किनाऱ्याच्या रस्त्याने ट्वेल्व्ह अपॉसल्सपर्यंत (समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके) जाऊन रात्री परत यायचं, तर पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. बहुतेक लोक टूर आणि स्वतःची गाडी यांची तुलना पैशांवरून करतात. आधी घड्याळाचा हिशोब करा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मेलबर्न ते टॉर्की सुमारे १०५ किलोमीटर, सव्वा ते दीड तास. हा सगळा हमरस्ता, समुद्राचा पत्ता नाही. टॉर्की ते लॉर्न ४५ किलोमीटर, पाऊण-एक तास. लॉर्न ते अपोलो बेसुद्धा ४५ किलोमीटरच, पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशी सलग वळणं असल्यामुळे तास सहज जातो. अपोलो बेनंतर रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात चढतो, लॅव्हर्स हिलवरून उतरतो आणि मग अपॉसल्स येतात. त्या टप्प्याला सव्वा ते दीड तास. परतताना आतल्या रस्त्याने कोलॅकमार्गे २३० किलोमीटर, तीन तास. म्हणजे चाकं फिरण्यातच साडेसात तास गेले. बारा-साडेबारा तासांच्या दिवसात उतरून बघायला, जेवायला आणि स्वच्छतागृहाच्या रांगेला मिळून साडेचार-पाच तास उरतात.

हा हिशोब बसलाही लागू आहे आणि तुमच्या गाडीलाही. 'आपली गाडी असली की हवं तिथे थांबता येतं' हे खरं, पण एका दिवसात थांबायला वेळ तेवढाच असतो. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: हातात एकच दिवस असेल आणि गाडी चालवणारा माणूस एकच असेल, तर टूर घ्यावी. एक रात्र मुक्काम जमत असेल तर टूरचा विचार सोडून गाडी घ्यावी. चालवणारे दोघं असतील आणि मुक्काम जमत नसेल, तर निर्णय खरोखर अवघड होतो. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

मोठा कोच आणि मिनीबस

जाहिरातीत दोन्हींची थांब्यांची यादी जवळजवळ सारखीच दिसते. फरक उतरण्या-चढण्यात आहे. पन्नासेक माणसं एका दारातून उतरायला पाच मिनिटं लागतात, चढून मोजणी व्हायला सात-आठ. दिवसात सात थांबे धरले तर तासाहून जास्त वेळ दारातच जातो. वीस-बावीस जणांच्या मिनीबसमध्ये त्यातला बराच वेळ वाचतो. शिवाय ईस्टर्न व्ह्यूच्या स्मारक-कमानीजवळ किंवा कोआला बघायला जिथे थांबतात त्या केनेट रिव्हरला गाडी लावायला जागा शोधताना लहान बसचं काम सोपं होतं.

कोचच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. त्याला हेलकावे कमी बसतात, आणि बऱ्याच कोचमध्ये मागे स्वच्छतागृह असतं. लहान मुलं किंवा मधुमेह असलेले आई-वडील सोबत असतील तर दुसरी गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. मिनीबसची मागची रांग मात्र टाळाच. लॉर्न ते अपोलो बे हा टप्पा ज्यांना गाडी लागते त्यांची परीक्षा बघतो, आणि मागच्या चाकांच्या वर बसलेल्याला सगळ्यात जास्त त्रास होतो. गोळी वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, टॉर्की सोडतानाच घ्यावी. अपोलो बेच्या जेवणानंतर पुन्हा वळणंच आहेत, तेव्हा तिथे पोट अर्धंच भरा.

बहुतेक टूरमध्ये ड्रायव्हरच गाइड असतो आणि माइकवरून बोलतो. तो काय देतो? रस्त्याचा इतिहास, कोआला कुठल्या झाडावर बघायचे, कुठल्या पायऱ्या आज बंद आहेत. यातला इतिहास आधी वाचून जाता येतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी हा रस्ता खोदला, तेव्हा टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंतचा हा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता म्हणजे एक युद्धस्मारकच आहे. अपॉसल्सच्या जवळच्या लॉक आर्ड गॉर्ज या घळीपाशी १८७८ साली जहाज फुटलं, त्यावरच्या ५४ जणांपैकी टॉम पिअर्स आणि इव्हा कारमायकल हे दोघंच वाचले. एवढं माहीत असेल तर गाइडशिवाय अडत नाही. कोआलाचं मात्र तसं नाही. सरावलेली नजर नसेल तर झाडाखाली उभं राहूनही तो दिसत नाही, आणि गाइड असला तरी दिसेलच याची हमी नाही.

एक तक्रार नेहमी ऐकू येते, की ड्रायव्हर पाच मिनिटं जास्त थांबला नाही. तो अडमुठेपणा नसतो. ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, आणि सकाळी लॉर्नला गेलेली वीस मिनिटं संध्याकाळी लॉक आर्ड गॉर्जमधून कापली जातात.

सरळ की उलटी?

हा प्रश्न तिकीट काढताना फारसं कोणी विचारत नाही, आणि दिवस कसा जाणार हे ठरतं यावरच. 'सरळ' टूर आधी किनाऱ्याने जाते, दुपारी अडीच-तीनला अपॉसल्सला पोचते आणि आतल्या रस्त्याने परतते. 'उलटी' टूर आधी आतून कोलॅकमार्गे अकरा-साडेअकरापर्यंत अपॉसल्स गाठते आणि मग किनारा धरून मेलबर्नकडे येते.

उलटीचा फायदा गर्दीचा. दुपारी एक ते चारमध्ये सरळ बसेस एकामागून एक येतात आणि लाकडी फळ्यांवर कठड्याशी जागा मिळत नाही. अकराला बरीच मोकळीक असते. फोटोसाठीही सकाळ बरी, कारण सुळक्यांची मुख्य रांग पश्चिमेकडे बघताना दिसते आणि सकाळचं ऊन त्यांच्या अंगावर पडतं. दुपार कलल्यावर त्याच दिशेला सूर्य समोर येतो आणि सुळके काळे दिसतात. पूर्वेला गिब्सन स्टेप्स या पायऱ्यांच्या बाजूचे दोन सुळके मात्र दुपारीच उजळतात.

मग सगळ्यांनी उलटीच घ्यावी का? डिसेंबर-जानेवारीत हो. तेव्हा सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे परतीचा किनाराही उजेडात मिळतो. पण आपल्याकडची बरीच मंडळी मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जातात, आणि मे म्हणजे तिकडची थंडीची सुरुवात. मेच्या मध्यापासून सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास. उलटी टूर चार वाजता केनेट रिव्हरला आणि पाचला लॉर्नला पोचली, की लॉर्नच्या पुढचा किनारा काळोखात जातो. सरळ टूरमध्ये काळोख होतो तो परतीच्या आतल्या रस्त्यावर. तिथे दुभत्या गाईंच्या कुरणांखेरीज बघण्यासारखं काही नाही, लोक झोपलेलेच असतात. म्हणून मे ते जुलै सरळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलटी. मधल्या महिन्यांत कुठलीही चालेल, गर्दी नको असेल तर उलटी.

बसायची बाजूही यावरूनच ठरते. सरळ टूरमध्ये समुद्र डावीकडे, उलटीत उजवीकडे. जागा बहुधा 'आधी येईल त्याला' अशा असतात, तेव्हा वीस मिनिटं लवकर पोचणं हा दिवसातला सगळ्यात स्वस्त फायदा.

स्वतः गाडी चालवायची तर

ऑस्ट्रेलियात डावीकडून चालवतात, त्यामुळे आपल्या हाताला सवय आहे. परवाना वैध आणि इंग्रजीत असला तर व्हिक्टोरियात (मेलबर्न आणि हा रस्ता याच राज्यात आहेत) पर्यटकाला चालतो. इंग्रजीत नसेल तर मान्य भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. भाड्याची कंपनी स्वतःची वेगळी अट घालू शकते, ती आधी विचारून घ्या.

गाडीने जायचं तर दिशा एकच: टॉर्कीहून पश्चिमेकडे. या दिशेला तुमची मार्गिका समुद्राच्या बाजूची असते आणि व्ह्यूपॉइंट बहुतेक डाव्या हाताला येतात, वळून थांबलात की झालं. उलट दिशेने गेलात तर प्रत्येक थांब्याला समोरची वाहतूक छेदून उजवीकडे वळावं लागतं, तेही आंधळ्या वळणांजवळ. बसच्या ड्रायव्हरला याची सवय असते, पाहुण्याला नसते.

खर्चात टूरचा भाव माणशी, गाडीचा गाडीमागे. शंभर किलोमीटरला आठ लिटर धरलं तर ५२० किलोमीटरला सुमारे ४२ लिटर पेट्रोल. लिटरमागे दोन डॉलर धरले तर ८३-८४ डॉलर. त्यात एका दिवसाचं भाडं आणि पूर्ण विमा मिळवा. एकटा किंवा दोघं असाल तर बस जवळजवळ नेहमीच परवडते, तिघांना साधारण बरोबरीत पडतं आणि चौघांना गाडी स्वस्त पडते. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त सीट लागते, आणि तिचं भाडं वेगळं, हे विसरू नका.

बिघडतं कुठे ते सांगतो. पहिलं, मेलबर्न शहरातच. ट्रामच्या काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या मार्गिकेत थांबून, सिग्नल बदलल्यावर वळावं लागतं. तसा फलक लटकवलेला असतो, पण पहिल्याच सकाळी तो दिसून गडबड होते. थांब्यावर ट्रामची दारं उघडी असताना तिच्या बाजूने पुढे जायचं नाही, हा दुसरा नियम. शक्यतो गाडी शहराबाहेरून किंवा आदल्या संध्याकाळी घ्या. सकाळी काउंटर उघडून कागदपत्रं होईपर्यंत सरळ बसेस जीलॉंग ओलांडून गेलेल्या असतात.

दुसरं, किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात मागे गाड्यांची रांग साचते. वेग वाढवून सुटायचा प्रयत्न करू नका. हळू चालणाऱ्यांसाठी रस्त्यालगत जागोजागी बाजूला घ्यायच्या जागा आहेत, त्यात गाडी घाला आणि लोकांना जाऊ द्या. वेगाचे कॅमेरे कडक आहेत, आणि भाड्याच्या गाडीचा दंड कंपनीच्या शुल्कासकट घरी येतो.

तिसरं, कच्चा रस्ता. केनेट रिव्हरला कोआलासाठी लोक ग्रे रिव्हर रोडवर गाडी घालतात. तो पुढे खडीचा आहे आणि बऱ्याच भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही. गाडी खाली लावून चालत जा.

चौथं आणि सगळ्यात गंभीर म्हणजे परतीचे तीन तास. दिवसभर वळणं काढून थकलेला ड्रायव्हर, सरळ रस्ता, आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येणारे कांगारू. जनावर आडवं आलं तर ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग ओढायचं नाही. रात्रीच्या अशा अपघातात काही करारांत स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम वाढते, ते कलम वाचा. ऑटवेत मोबाइलला रेंज ठिकठिकाणी जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि पेट्रोल अपोलो बेला भरा.

मुक्काम केला तर चित्र पालटतं. पोर्ट कॅम्बेल अपॉसल्सपासून जेमतेम १२ किलोमीटर. संध्याकाळी बसेस गेल्यावर एकदा आणि सकाळी त्या यायच्या आत एकदा, असं दोन वेळा जाता येतं. शिवाय पुढचं लंडन ब्रिज (समुद्रातला खडकाचा नैसर्गिक पूल), ग्रोटो, बे ऑफ आयलंड्स. एक दिवसाच्या टूर यातलं बरंच गाळतात. लंडन ब्रिजची किनाऱ्याला जोडणारी कमान १५ जानेवारी १९९० रोजी कोसळली आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. अपॉसल्सपैकीही एक ३ जुलै २००५ रोजी ढासळला (बारा तर ते कधीच नव्हते). चुनखडीचा कडा असा अचानक तुटतो, म्हणून कठड्यापलीकडे फोटोसाठी कुणी गेलं तर त्याच्यामागे जाऊ नका.

रेल्वे आणि सरकारी बसचा पर्याय एका दिवसासाठी धरू नका. जीलॉंगपर्यंत गाडी आणि तिथून अपोलो बेपर्यंत बस मिळते, २०२३ पासून भाड्यालाही कमाल मर्यादा आहे, पण अपोलो बेच्या पुढे बस आठवड्यातून मोजकेच दिवस धावते.

पैसे भरण्याआधी

टूरवाल्याला नेमकं विचारा: दिशा कुठली, माणसं जास्तीत जास्त किती, अपॉसल्स आणि लॉक आर्ड गॉर्ज या दोन ठिकाणी मिळून किती मिनिटं. तासाहून कमी सांगितलं तर दुसरी टूर बघा. अपॉसल्सला गाडीतळापासून रस्त्याखालच्या बोगद्यातून कठड्यापर्यंत जाऊन-येऊनच वीस मिनिटं जातात. जेवण धरलेलं असेल तर शाकाहारी म्हणजे नेमकं काय, तेही विचारा. गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांनी सोडल्या तरी चालेल, अपॉसल्सची वाट त्यांना झेपते. हेलिकॉप्टरची फेरी टूरच्या त्याच तासातून जाते. ती घेतली की कठड्यावर उभं राहायला वेळ उरत नाही, म्हणून एक दिवसाच्या टूरमध्ये ती घेऊ नये असं आम्हाला वाटतं.

रद्द करण्याच्या अटीही वाचा. पावसासाठी टूर रद्द होत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. पण उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याच्या दिवशी, किंवा दरड कोसळल्यावर किनाऱ्याचा पट्टा बंद होऊ शकतो. २०१५ च्या नाताळात वाय रिव्हरच्या वणव्यानंतर तसंच झालं होतं. अशा वेळी बस आतल्या रस्त्यानेच अपॉसल्सला जाऊन त्याच रस्त्याने परत येते. त्या दिवशी पैसे परत मिळतात, दुसरी तारीख मिळते की तीच टूर घ्यावी लागते, हे लेखी मागून घ्या. गाडी घेणाऱ्यांनी निघायच्या सकाळी राज्य सरकारच्या वाहतूक संकेतस्थळावर बी १०० (ग्रेट ओशन रोडचा क्रमांक) हा रस्ता उघडा आहे का ते बघावं.