समीकरणाचा ताळा: पुन्हा सोडवून पाहावं की किंमत ठेवून?

एकचल समीकरण सुटलं, क्षची किंमत हाती आली. ती बरोबर आहे का हे ठरवायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक तर समीकरण पहिल्यापासून पुन्हा सोडवायचं, नाहीतर आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवून डावी आणि उजवी बाजू जुळते का ते बघायचं. आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील मला नेहमी विचारतात, की मुलाला यातली कुठली सवय लावू? संध्याकाळी माझ्याकडे काही मुलं गणिताला येतात. त्यांना मी दोन्ही सवयी लावून पाहिल्या आहेत, म्हणून थोडं अनुभवावरून सांगतो.

पुस्तकामागची उत्तरसूची आणि फोटो काढला की उत्तर देणारं अ‍ॅप यांचा विचार इथे करत नाही. घरी त्यांचा उपयोग होतो, पण परीक्षेच्या वर्गात दोन्ही नसतात.

पुन्हा सोडवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हात बसतो, पायऱ्यांचे गुण पक्के होतात, आणि घाईत झालेली पाढ्याची चूक बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला सापडते. मुलाने दुसऱ्यांदा वेगळी वाट घेतली, म्हणजे आधी क्षची पदं डावीकडे आणली असतील तर आता उजवीकडे आणली, तर ही पद्धत आणखी भक्कम होते. काही हुशार मुलं असं करतात आणि त्यांचं छान चालतं. त्यांना मी अडवत नाही.

मला अडचण आली ती एकाच ठिकाणी, पण ती इतक्यांदा आली की माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. हे समीकरण बघा:

३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७

दुसऱ्या कंसाबाहेर उणे चिन्ह आहे, म्हणून कंस काढल्यावर +१० यायला हवेत. मूल लिहितं:

३क्ष − १२ − २क्ष − १० = ७

पुढचं सगळं नीट करून उत्तर येतं २९. आता त्याला पुन्हा सोडवायला सांगा. ते मन लावून सोडवतं, त्याच कंसापाशी पोचतं, तेच −१० लिहितं आणि पुन्हा २९ आणतं. आता तर त्याची खात्रीच पटलेली असते, कारण दोनदा तेच उत्तर आलं! चूक घाईची नव्हती, समजुतीची होती, आणि समजूत दुसऱ्या वेळीही तीच असते. पुन्हा सोडवल्यामुळे चुकीचं उत्तर उलट अधिक पक्कं होतं. मुलाने प्रामाणिकपणे कष्ट घेऊनही असं व्हावं, हे मला फार खटकतं.

तेच २९ मूळ समीकरणात ठेवून बघा. २९ − ४ म्हणजे २५, त्याची तिप्पट ७५. २९ − ५ म्हणजे २४, त्याची दुप्पट ४८. डावी बाजू २७, उजवी बाजू ७. जुळत नाही. इथे कंस उघडावाच लागला नाही, आतली वजाबाकी आधी झाली, त्यामुळे चिन्हाच्या त्या चुकीला जागाच उरली नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत व्यस्तविधी सांगितला आहे: शेवटच्या संख्येकडून उलटं निघायचं, जिथे गुणलं असेल तिथे भागायचं, जिथे मिळवलं असेल तिथे वजा करायचं. समीकरण सोडवणं हे बरंचसं असं उलटं चालणं असतं. किंमत ठेवून बघताना आपण सुलट चालतो. रस्ताच वेगळा असल्यामुळे एकच चूक दोन्हीकडे होण्याची शक्यता बरीच कमी होते.

‘पण यात चूक आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही,’ असं एका पालकांनी मला म्हटलं. आक्षेप रास्त आहे, पण तोही बराचसा सुटतो. चुकीची किंमत पायरीपायरीने प्रत्येक ओळीत ठेवत जा. वरच्या उदाहरणात २९ पहिल्या ओळीत बसत नाही, पण दुसऱ्या ओळीत बसतं: ८७ − १२ − ५८ − १० = ७. म्हणजे चूक या दोन ओळींच्या मधेच झाली. शिवाय २७ आणि ७ यांच्यातला फरक २० आहे, बरोबर दहाची दुप्पट. एखाद्या संख्येचं चिन्ह उलटलं की असाच दुपटीचा फरक पडतो. हे एकदा दाखवलं की मुलं स्वतःच चूक शोधायला लागतात, आणि ते बघताना मला मनापासून आनंद होतो.

छेदात क्ष असेल तर मात्र माझ्या मते पर्यायच नाही.

(२क्ष − ३)/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३)

दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणलं की २क्ष = ६, क्ष = ३. एकही पायरी चुकलेली नाही, कितीही वेळा सोडवा, ३ च येणार. मूळ समीकरणात ३ ठेवल्यावर छेद शून्य होतो आणि कळतं, की या समीकरणाला उकलच नाही.

किंमत ठेवण्याचे त्रासही आहेत. उत्तर अपूर्णांकात आलं की मुलं कंटाळतात. ५क्ष − ३ = २क्ष + ४ याचं उत्तर ७/३. कॅल्क्युलेटर घेऊन २.३३ ठेवलं तर डावीकडे ८.६५ आणि उजवीकडे ८.६६ येतात, आणि मूल बरोबर उत्तर खोडून टाकतं. अपूर्णांक तसाच ठेवला की दोन्हीकडे २६/३. दुसरं म्हणजे, दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहून सोडवायला हव्यात. मधे बरोबरचं चिन्ह ठेवून संख्या इकडून तिकडे नेत बसलं, तर तो ताळा न राहता पुन्हा सोडवणंच होतं.

शाब्दिक उदाहरणांत मात्र दोन्ही पद्धती तोकड्या पडतात. आईचं वय मुलीच्या तिप्पट, १२ वर्षांनी दुप्पट होईल, तर मुलीचं आजचं वय किती? मुलाने आईच्या वयात १२ मिळवलेच नाहीत आणि ३क्ष = २(क्ष + १२) असं मांडलं, तर क्ष = २४ येतं आणि त्याच्या समीकरणात ते छान बसतं, ७२ = ७२. किंमत समीकरणात नाही, उदाहरणाच्या वाक्यांत ठेवायला हवी: १२ वर्षांनी मुलगी ३६ ची, आई ८४ ची, दुप्पट कुठे आहे? खरं उत्तर १२. इजिप्तमध्ये सुमारे इ.स.पू. १५५० मध्ये आहमेस नावाच्या लेखनिकाने पपायरसवर एक उदाहरण उतरवलं: एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात. उत्तर १६ + १/२ + १/८. मग त्याने त्या राशीचा सातवा भाग, म्हणजे २ + १/४ + १/८, तिच्यात मिळवून १९ होतात हेही लिहून ठेवलं. माझ्या मुलांकडून मी हेच करून घेतो.

तुमच्या मुलाचा हात अजून पायऱ्यांवरच बसत नसेल, तर काही आठवडे पुन्हा सोडवण्याचा सराव जरूर द्या. एकदा तो बसला, की वहीत उत्तराखाली डावी बाजू, उजवी बाजू अशा दोन ओळी लिहायची सवय लावा. शिष्यवृत्ती परीक्षेत तर पर्याय दिलेलेच असतात. तिथे ज्याला ही सवय आहे तो बऱ्याचदा समीकरण न सोडवताच पर्याय ठेवून उत्तर काढतो, आणि वाचलेला वेळ पुढच्या प्रश्नाला देतो.