'वी बाय हाउसेस' पाट्या : फोन येतात, पण रस्त्याच्या कडेला लावू नका

ह्यूस्टनमध्ये सिग्नलपाशी पिवळ्या पाटीवर काळ्या जाड अक्षरात "वी बाय हाउसेस" आणि खाली नंबर दिसतो ना, तीच बँडिट साइन, म्हणजे 'आम्ही घरं विकत घेतो' अशी जाहिरातीची पाटी. आम्ही जुनी घरं घेऊन दुरुस्त करून भाड्याने देतो, त्यासाठी एका ऑनलाइन प्रिंटरकडून मागवल्या.

माल चांगलाय. १८ बाय २४ इंच, ४ मिमीचं कोरोप्लास्ट (पन्हाळी प्लास्टिकचा पत्रा), पावसाने काही होत नाही. दोन्ही बाजूंनी छापून घ्या, नाहीतर अर्ध्या गाड्यांना कोरी पाटी दिसते. तारेचे स्टँड वेगळे विकत घ्यावे लागतात आणि हलके तर घेऊच नका, इकडची माती उन्हात दगड होते, तार ठोकताना वाकते. आम्ही थोड्या पाट्या कोऱ्या मागवून मार्करने हाताने लिहिल्या आणि खरं सांगते, त्यांच्यावर फोन जास्त आले.

फोन कोणाचे येतात ते समजून घ्या. टेक्सासमध्ये प्रॉपर्टी टॅक्सची मुदत ३१ जानेवारी, त्यानंतर दंड आणि व्याज सुरू, आणि कर्ज थकलेल्या घरांचे बँकेचे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, म्हणून त्याच्या आधी घाबरलेली माणसं फोन करतात. मी फोन उचलल्या उचलल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही माणूस आहात ना, मशीन नाही ना?" आई गेलेली, घर अजून आईच्याच नावावर, छत गळतंय, भावंडं तीन राज्यांत. आधी प्रोबेट वकिलाकडे (वारसाहक्काची कामं बघणाऱ्या) जा असं सांगितलं, कारण सही करायचा हक्क कोणाचा हेच ठरलं नव्हतं. फोन व्हॉइसमेलवर टाकणार असाल तर पाट्या मागवूच नका.

आता मुख्य गोष्ट. सरकारी रस्त्याच्या कडेला पाटी लावणं इथे बेकायदेशीर आहे, राज्याच्या कायद्यात एका उल्लंघनाला ५०० ते १००० डॉलर दंड आहे आणि नंबर तर आपणच छापलेला असतो. बरेच जण शुक्रवारी रात्री लावून रविवारी रात्री काढतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्याच्या घराचा प्रश्न आहे त्याच्याशी पहिली ओळखच नियम मोडून कशाला करायची? आम्ही काम चालू असलेल्या आमच्याच घराच्या अंगणात लावतो, किंवा ओळखीच्या दुकानदाराला विचारून त्याच्या जागेत, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर त्यांचेही नियम बघून. फोन कमी येतात पण त्याच गल्लीतले येतात, आणि चालू काम त्यांनी डोळ्याने बघितलेलं असतं.

आणि घर घ्यायचा करार करून तो करारच पुढे दुसऱ्याला विकणार असाल तर २०१७ पासून तसं आधी सांगणं बंधनकारक आहे, ते पहिल्याच भेटीत सांगा.

पाट्यांना ५ पैकी ४. एक स्टार स्टँडमुळे गेला.