एमजीबीचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर: लिव्हर आर्म की टेलिस्कोपिक?

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला चारही चाकांवर मुळात लिव्हर आर्म प्रकारचे (फिरत्या आर्मने आतले तेल ढकलणारे) शॉक अ‍ॅब्झॉर्बर होते. ते थकले की तेच दुरुस्त करून बसवावेत की टेलिस्कोपिक (नळीत पिस्टन सरकणारे) घ्यावेत, हा प्रश्न हात राखून खर्च करणाऱ्यापुढे उभा राहतो.

पुढच्या चाकांबाबत माझे मत ठाम आहे. तिथे शॉकचा आर्म हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म असल्यामुळे प्रचलित टेलिस्कोपिक किट बसवूनही जुना शॉक जागेवर ठेवावाच लागतो आणि त्याचा शाफ्ट (आर्म ज्यावर फिरतो तो दांडा) झिजलेला असेल, तर नव्या खर्चानंतरही चाकातला सैलपणा तसाच राहतो. आर्मच्या मुळाशी धुळीने चिकटलेला तेलाचा काळा थर दिसला, तर नुसते तेल भरून भागत नाही; गळती बहुधा झिजलेल्या शाफ्टपाशीच असते आणि ती बुश व सील बदलल्याशिवाय थांबत नाही. म्हणून पुढे नीट दुरुस्त केलेले लिव्हर आर्मच घ्यावेत.

मागे मात्र एक्सल पाटा स्प्रिंगांवर पेलला जातो आणि शॉकचे काम फक्त हेलकावे शमवण्याचे असते. त्यामुळे ब्रॅकेट लावून टेलिस्कोपिक बसवणे तिथे सोपे असते, शिवाय लांब पिस्टनप्रवासामुळे तेलावरचा दाब कमी राहतो. तरीही फार कडक गॅस शॉक (वायू भरलेले टेलिस्कोपिक) निवडू नयेत. नाहीतर हलकी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारू लागते. कोणताही प्रकार घेतला तरी डावा-उजवा एकदमच बदलावा.