घरी बांधलेली आर्केड स्टिक, एका पावसाळ्यानंतर: लग २.८ चाच घ्या

जुलैच्या ऐन पावसात माझ्या स्टिकवरची (पार्लरसारखी दांडी आणि बटणं असलेला गेम कंट्रोलर) मिडियम किक, म्हणजे त्या फटक्याचं बटण, गेली. पूर्ण मेली असती तर निदान लगेच कळलं असतं. पण ती कधी लागायची, कधी नाही, आणि नेमकी कॉम्बोच्या मध्यावर दगा द्यायची. तोवर या स्टिकबद्दल लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबलो ते बरंच झालं.

सामान नेहमीचंच, यादी लांबवत नाही. सानवा कंपनीची जेएलएफ दांडी, त्यांचीच ३० मिमीची स्क्रूवाली बटणं, स्टार्ट-सिलेक्टला २४ मिमीची, आणि 'झीरो डिले' या नावाने विकला जातो तो स्वस्तातला यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांचे सिग्नल मशीनपर्यंत पोचवणारा छोटा बोर्ड. पेटी प्लायची. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बांधली आणि जुन्या प्लेस्टेशन ३ ला जोडली. तयार स्टिक बाहेरून मागवायची तर वस्तूची किंमत एक, वर कुरिअर आणि कस्टम. तो आकडा बघून मी ब्राउझरच बंद केला होता. शिवाय सुतार ओळखीचा होता.

आता मूळ दुखणं. एन्कोडर आणि त्याच्या वायरींचा संच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. ऑर्डर करताना पर्याय निवडावा लागतो: लग (वायरीच्या टोकाचा, बटणाच्या पात्यावर सरकवायचा पत्र्याचा कनेक्टर) २.८ मिमी की ४.८ मिमी. मी २.८ निवडला, बिलावरही २.८ छापून आलं आणि पाकिटात निघाले ४.८. ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांनी सानवाचं बटण उलटं करून बघावं. मागे दोन बारीक पाती असतात, त्यांची रुंदी २.८. त्यावर ४.८ चा लग सरकवला की तो आत जातो, पण धरत नाही. वायरला नुसता वारा लागला तरी मान हलवतो.

फोन केला. पलीकडून उत्तर: "सर, सब यही लगाते हैं. प्लायर से दबा दो, बैठ जाएगा." मी म्हटलं, पर्याय तुम्हीच दिला होता ना? तर म्हणे पाकीट फोडलंय, परत घेता येणार नाही. न फोडता आतला लग किती मिलिमीटरचा आहे ते कसं बघायचं, यावर मात्र उत्तर नाही. ईमेलवर बिलाचा फोटो, लगावर पट्टी धरून काढलेला फोटो, सगळं पाठवलं. शेवटी त्यांनी उदार होऊन पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन दिलं, आणि त्याची मुदत आठवड्याभरात संपत होती. परत पाठवायचं कुरिअर माझ्या खिशातून, आणि ते त्या वायरींपेक्षा महाग. म्हणजे त्यांनी सगळा हिशेब बरोबर मांडलेला होता. मग त्यांच्याच सल्ल्याप्रमाणे पक्कड घेतली आणि प्रत्येक लग दाबून बसवला.

उन्हाळाभर चाललं. इतकं छान चाललं की मीच मित्रांना सांगत सुटलो होतो, एन्कोडरवर जास्त पैसे घालवू नका.

मग पाऊस. मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटातले चामड्याचे पट्टेही हिरवे होतात, तिथे अर्धवट टेकलेल्या लगाचं काय व्हायचं? किक चुकायला लागली तेव्हा पहिला संशय बटणाच्या मायक्रोस्विचवर. पण नवं बटण मागवायच्या आधी फुकटातली तपासणी करून घ्या: संशयित बटण आणि शेजारचं चांगलं बटण यांची अदलाबदल करा. बिघाड बटणाबरोबर सरकला तर दोष बटणाचा, जागच्या जागी राहिला तर वायरीचा. माझा जागीच राहिला. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर बीप देतो ती सेटिंग) लावून एक टोक पात्याला, दुसरं वायरीच्या दुसऱ्या टोकाला धरलं, तर बीप येतोय, जातोय, येतोय. लग काढून उजेडात धरला. पक्कडीने चेपल्यामुळे तो एका बाजूनेच पात्याला टेकत होता. तिथे चकचकीत रेघ, आणि बाकीचा आतला भाग तपकिरी-काळा पडलेला. इतके दिवस करंट त्या एका रेघेवरून जात होता.

मग २.८ च्या लगाचा शोध. तो भांडुपला मिळत नाही, हे आता अधिकारवाणीने सांगतो. रिक्षा-स्कूटरच्या गॅरेजवाल्याकडे ६.३ चे ढिगाने असतात, कारण गाड्यांच्या वायरिंगला तेच लागतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात पॅनलला लागणारे गोल डोळ्याचे. "एवढा छोटा? कशाला पाहिजे?" हा प्रश्न सगळीकडे. लोहार चाळीत एकाने तर ४.८ चाच काढून दिला आणि म्हणाला, दाबून बसवा. मी तिथे काही बोललो नाही, नुसता बाहेर पडलो.

शेवटी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. (रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.) मोठ्या काचेच्या दुकानांत विचारायच्या फंदात पडू नका, तिथे लॅपटॉप आणि सीसीटीव्ही. आतल्या गल्लीत, जिथे कनेक्टर, स्विच आणि वायरीची रिळं छतापर्यंत रचलेली असतात, तिथे बटण सोबत नेऊन दाखवा. नाव सांगण्यापेक्षा वस्तू दाखवलेली बरी. दुकानदाराने बटण हातात घेतलं, पातं नखाने चाचपलं आणि न विचारता बरोबर पुडी काढली. अट एकच, शंभराचं पाकीट घ्यावं लागेल. घेतलं. बरेचसे उरलेत, दिवाळीच्या फराळाच्या डब्यात ठेवलेत आणि घरात त्यावरून बोलणी खातोय.

नवा लग पात्यावर चढताना बारीक 'टक' होतो आणि काढायला जोर लावावा लागतो. बसला म्हणजे काय, ते तेव्हा कळतं. क्रिंपिंग टूल उधार मिळालं तर बघा, पक्कडीने लगाची शेपटी चेपू नका. वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. सोल्डर का नाही केलं असं एकाने विचारलं. सोल्डर केलं की बटण बदलायचं म्हणजे पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवा, आणि बटणाचं प्लास्टिक फार वेळ उष्णता सोसत नाही. लगाचा सगळा फायदा तिथेच संपतो.

सगळं उघडलंच होतं, तर एन्कोडरही काढून टाकला. आधी त्याची तरफदारी करत होतो ती मागे घेतो. नाव झीरो डिले असलं तरी विलंब शून्य नसतो. सेकंदाला साठ फ्रेमच्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, त्यामुळे थोडा विलंब बीट-एम-अप (गुंडांच्या टोळ्यांना बडवत पुढे जायचे खेळ) खेळताना जाणवत नाही, पण अचूक पॅरी (समोरचा वार ऐन वेळी परतवणं) मारायची असेल तर जाणवतो. त्याहून मोठं कारण म्हणजे माझा एन्कोडर निंटेंडो स्विचवर चालत नव्हता आणि घरात आता स्विच आला होता. म्हणून रास्पबेरी पाय पिको आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे मोफत, मुक्त स्रोत फर्मवेअर (बोर्डात भरायचा प्रोग्रॅम). पिको जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर किमतीला आलेला बोर्ड, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. बूटसेल बटण दाबून धरून कॉम्प्युटरला जोडा, पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाका, काम झालं. कुठली पिन कुठल्या बटणाला, हे ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ वर जाऊन ठरवता येतं. तो कॉम्प्युटरशी सेकंदाला हजार वेळा बोलतो. स्वस्त एन्कोडरपेक्षाही हा स्वस्तात पडतो, ही त्यातली खरी मजा. ब्रुक कंपनीचे तयार एन्कोडर बोर्ड चांगले आहेत यात वाद नाही, पण किंमत बघा.

पिकोमुळे लगाचं महत्त्व आणखी वाढलं, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. जुन्या एन्कोडरला प्रत्येक बटणाच्या दोन वायरी वेगळ्या, त्यामुळे एक लग सैल झाला तर एकच बटण जातं. पिकोला प्रत्येक बटणाची एक वायर आपापल्या पिनला आणि दुसरी सगळ्यांची मिळून ग्राउंडला, एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळ. त्या माळेत एखादी वायर लगातून निसटली की पुढची सगळी बटणं एकदम गप्प. उपाय फुकट आहे: माळेची दोन्ही टोकं ग्राउंडला जोडा. पिकोवर ग्राउंडच्या पिना भरपूर आहेत. एखादी वायर निसटली तरी दुसऱ्या बाजूने रस्ता मिळतो.

दांडीबद्दल थोडं. जेएलएफला चौकोनी गेट (दांडी कुठवर जाईल ते अडवणारी खालची चौकट) येतो. सुरुवातीला तो डोक्यात जायचा, कारण लहानपणी पार्लरमधल्या दांड्या ढिल्या आणि गोल फिरायच्या, तशीच हाताला सवय. म्हणून अष्टकोनी गेट घेऊन बसवला आणि महिनाभर खूश होतो. नंतर खेळात दम आला तसं लक्षात आलं की अष्टकोनात प्रत्येक खाचेत दांडी रेंगाळते. चौकोनात तिरपी दिशा म्हणजे सरळ कोपरा, तिथे हात आपोआप पोचतो. मनगट न ताणता, कडेला न घासता फिरवायला शिकलं की चौकोन उत्तम. परत चौकोनी लावला. अष्टकोनी हवा असेल त्याने घेऊन जावा, जवळजवळ नवा आहे.

पेटीचं सांगायचं तर, आमच्या सुताराकडे ३५ मिमीचा बिट होता, कारण कपाटाच्या ऑटो हिंजला तोच लागतो. ३० चा नव्हता. तो म्हणाला, "साहेब, ३५ नेच पाडू, वर रिंग लावून झाकू." म्हटलं, नको. ३० चा होल सॉ मी आणून दिला, तो अजून त्याच्याचकडे आहे. १२ मिमी प्लाय दांडीची उंची खातो, म्हणून दांडीच्या जागी खालून राऊटरने खोलगट करून घेतलं. बटणं स्क्रूवालीच घ्या. चापवाली बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड प्लायमध्ये त्यांचे चाप अडकतच नाहीत.

प्लाय आयएस ७१० छापाचा, म्हणजे मरीन. सुतार म्हणत होता, एवढ्याशा खोक्याला कशाला, एमडीएफ स्वस्त आणि भोकं सफाईदार पडतात. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने एमडीएफची केली, सनमायका फक्त वरून लावला, कडा उघड्या ठेवल्या. ऑगस्टपर्यंत त्या कडा चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या आणि खालचे स्क्रू हलायला लागले. माझी पेटी आहे तशी आहे. तळाशी रबरी बूट लावले नाहीत तर मात्र टेबलावरून घसरते.

आवाज होतो. रात्री अकरानंतर ही खटखट भिंतीपलीकडे जाते, आणि वन बीएचकेत भिंतीपलीकडे आई झोपलेली असते. बटणांत फोमच्या चकत्या घालून बघितल्या, थोडा फरक पडतो, दांडीच्या मायक्रोस्विचला काहीच नाही. मांडीवर जाड उशी ठेवून त्यावर स्टिक, हा सध्याचा तोडगा.

पुतण्याकडे प्लेस्टेशन ४ आहे. त्याच्याकडे नेली तर उत्साहात सुरू झालं आणि ऐन तिसऱ्या राउंडमध्ये स्टिक बंद. "काका, तुमची स्टिक मेली!" मेली नव्हती. सोनीची ओळख नसलेल्या कंट्रोलरला प्लेस्टेशन ४ आठ मिनिटं चालू देतो आणि मग तोडतो. वायर काढून परत घातली की पुन्हा आठ मिनिटं. प्लेस्टेशन ४ हेच तुमचं मुख्य मशीन असेल तर ब्रुकचा बोर्ड घ्या, तिथे काटकसर करू नका.

स्विचवर कॅपकॉमचा २०१८ चा बीट-एम-अप संच घेतला तो खरं म्हणजे मुस्तफाच्या आशेने. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे त्याचं खरं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे, पार्लरमध्ये तो मुस्तफाच. संचात तो नाही. फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे, आणि कॅप्टन कमांडोसाठी ही स्टिक आठ बटणांची करायची काहीही गरज नव्हती. हल्ला आणि उडी, दोन्ही एकदम दाबलं की जीव कमी करून बसणारा मोठा फटका, बस्स. बायको तेवढंच खेळते आणि माझ्यापेक्षा पुढे जाते.

दुसरी स्टिक पुतण्यासाठी करायची आहे. पत्रा वर, प्लाय खाली, चापवाली बटणं आणि ब्रुक. लग माझ्या डब्यातून. सुताराने ३० चा होल सॉ परत दिला तर याच महिन्यात सुरू करीन. नाहीतर भांडुप-मुलुंडच्या बाजूला कोणाकडे असेल तर दोन दिवस उसना हवाय, बदल्यात २.८ चे लग देतो, हवे तेवढे.